गाणे नेमके कुठे अडते?

इस्लापूर हे नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातले गाव. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा इथून जवळ आणि नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. समजा, या गावात एका निवृत्त गुरुजींचे घर आहे. नोकरीच्या काळात त्यांनी हौसेने टेपरेकॉर्डर बाळगला आणि शंभरेक कॅसेट भरल्या. त्यांत त्यांच्या आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या आहेत, भजनी मंडळाचा काकडा आहे, जवळच्या तांड्यावर होळीला रंगलेली लेंगी आहे, दिवाळीतली दंडार आहे. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने दोन उन्हाळ्यांच्या सुट्या खर्चून या सगळ्या कॅसेट संगणकावर उतरवल्या, एका नेटवर्क ड्राइव्हमध्ये भरल्या आणि तो छोटा डबा बैठकीत राउटरच्या शेजारी मांडून दिला. घरातल्या कुणीही मोबाइल उघडावा आणि हवे ते ऐकावे, अशी सोय झाली.

काही महिन्यांनी कुरबुरी सुरू झाल्या. पहाटे काकडा लावला की दहा-बारा सेकंद पडद्यावर नुसते चक्र फिरते. मागच्या पडवीत बसून ऐकताना गाणे मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते. आणि आईच्या ओव्यांची एक फीत तर ऐन रंगात येताच अडते.

मग उपाय सुरू होतात. मुलगा फोनवर सांगतो, ‘‘बाबा, नेट स्लो असेल, मोठं पॅकेज घ्या.’’ पॅकेज बदलते, गाणे तसेच अडखळते. कुणीतरी नवा स्पीकर आणायला सांगतो. तिसरा ओळखीचा मुलगा डबा पाहून म्हणतो, ‘‘गुरुजी, डिस्क फॉरमॅट मारू, एकदम फास्ट होईल.’’ पहिल्या दोन उपायांत फक्त पैसे जातात. तिसऱ्यात आईचा आवाज कायमचा जाऊ शकतो, कारण मूळ कॅसेटना एव्हाना बुरशी धरली आहे आणि टेपरेकॉर्डर बंद पडून वर्षे झाली आहेत.

ही कुरबूर इस्लापुरातच होते असे नाही. नांदेड-लातूरच्या फ्लॅटमध्ये किंवा पुण्या-मुंबईच्या घरातही ती तशीच होते. उपाय फसतो, कारण रोग कुठे आहे हे न पाहताच औषध दिले जाते. गाणे डिस्कवरून कानापर्यंत येताना चार मुक्काम करते: डिस्क, डब्यातला छोटा संगणक, वायरचा किंवा वायफायचा रस्ता आणि शेवटी वाजवणारा मोबाइल अथवा स्पीकर. अडथळा या चारांपैकी कुठे आहे, हे घरबसल्या आणि फुकट शोधता येते.

गाण्याला किती वेग लागतो?

आधी गाण्याची भूक किती, ते पाहू. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापे घेतलेली असतात. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे आणि डावा-उजवा असे दोन पट्टे. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १४ लाख बिट, म्हणजे १.४ एमबीपीएस होतात. एमपी३ फाइलला याहून कितीतरी कमी, साधारण ०.१२८ ते ०.३२ एमबीपीएस पुरतात. ‘फ्लॅक’ या प्रकारात आवाजाचा दर्जा तसूभरही न घटवता फाइल लहान होते. तिची गरज सीडीच्या निम्म्याच्या आसपास ते दोन-तृतीयांश असते.

आता पुरवठा पाहा. साधी फिरती हार्ड डिस्कसुद्धा सलग वाचन करताना सेकंदाला १०० मेगाबाइटच्या घरात माहिती देते. सीडी दर्जाच्या गाण्याला सेकंदाला लागतात ०.१८ मेगाबाइट. म्हणजे डिस्कचा वेग गरजेच्या पाचशेपटीहून अधिक. नेटवर्कची जुन्या पद्धतीची १०० एमबीपीएसची वायर घेतली, तरी ती सत्तर गाणी एकाच वेळी वाहून नेईल. वेगाच्या या हिशेबात गाणे अडायला जागाच नाही.

इंटरनेटच्या पॅकेजचा तर या प्रवासाशी संबंधच येत नाही. नेटवर्क ड्राइव्हवरचे गाणे घराबाहेर जातच नाही. ते डब्यातून राउटरकडे आणि राउटरकडून मोबाइलकडे जाते. बाहेरून येणारी फायबरची तार काढून ठेवली तरी, राउटरला वीज असेपर्यंत, घरातल्या घरात गाणे वाजत राहायला हवे. ही एक उत्तम चाचणीही आहे. बाहेरचे इंटरनेट बंद करूनही गाणे पहिल्यासारखेच अडत असेल, तर पॅकेज वाढवून काहीही होणार नाही.

मग पाणी मुरते कुठे? वेग पुरेसा असला, तरी माहिती वेळेवर आणि अखंड यावी लागते. मराठवाड्यात हे वेगळे समजावून सांगायला नको. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते, पण घरात टाकी असेल तर रोजची धुणीभांडी अडत नाहीत. मोबाइलमधले गाण्याचे अ‍ॅपही अशीच एक छोटी टाकी बाळगते. तिला बफर म्हणतात. पुढच्या काही सेकंदांचे गाणे त्यात आधीच भरून ठेवलेले असते. नेटवर्कवरून माहिती थांबत-थांबत आली तरी टाकीतून धार सलग पडते. पण थांबणे टाकीच्या मापापेक्षा लांबले की टाकी कोरडी पडते आणि गाणे तुटते. घरातल्या नेटवर्कवर अडणारे गाणे बहुतेक वेळा वेगाच्या कमतरतेने अडत नाही. ते लांबलेल्या खंडांमुळे अडते.

हे तुटणे कानाला फार बोचते, त्यालाही कारण आहे. चित्रपटात सेकंदाला २४ स्थिरचित्रे दाखवली जातात. दोन चित्रांत सुमारे ४२ मिलिसेकंदांचे अंतर असते, तरी डोळ्याला हालचाल सलग वाटते. कान मात्र सलग आवाजातली दोन-तीन मिलिसेकंदांची पोकळीही ओळखू शकतो. म्हणून चित्र क्षणभर थबकले तर चालून जाते, पण ओवीच्या मधोमध पडलेला खंड लगेच खुपतो.

लक्षणांवरून निदान

चांगला डॉक्टर आधी विचारतो, दुखते कधी आणि कुठे. इथेही चार प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न: फक्त पहिलेच गाणे उशिरा सुरू होते का? दिवसातून प्रथम ऐकताना दहा सेकंद लागतात आणि नंतरची गाणी पटापट लागतात, असे असेल तर डिस्क झोपलेली आहे.

दुसरा प्रश्न: प्रत्येक गाणे उशिरा सुरू होते, पण एकदा लागले की शेवटपर्यंत नीट वाजते का? तसे असेल तर दोष यादीत, फोल्डरच्या मांडणीत किंवा गाण्याला चिकटवलेल्या चित्रात शोधावा.

तिसरा प्रश्न: गाणे कुठेही, कधीही मधेच तुटते का आणि राउटरजवळ गेले की सुधारते का? मग रस्ता खराब आहे, म्हणजे वायफाय.

चौथा प्रश्न: ठरावीक गाणे ठरावीक जागीच अडते का, मोबाइल बदलला तरी आणि राउटरजवळ बसले तरी? हे लक्षण सगळ्यांत गंभीर. त्या जागी फाइल किंवा डिस्क खराब झालेली असू शकते.

खात्रीसाठी दोन सोप्या चाचण्या आहेत. अडणारी फाइल मोबाइलमध्ये उतरवून घ्यावी आणि मोबाइल विमान मोडवर टाकून वाजवावी. तशीही अडली, तर दोष फाइलमध्ये किंवा मोबाइलमध्ये आहे, नेटवर्कमध्ये नाही. दुसरी चाचणी वायरची. लॅपटॉप राउटरला वायरने जोडून तेच गाणे लावावे. वायरवर नीट आणि वायफायवर तुटक, तर दोषी वायफाय. दोन्हीकडे तुटक, तर दोष डब्यात किंवा डिस्कमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मात्र पाळायला हवा. राउटर, अ‍ॅप आणि स्पीकर एकदमच बदलले, तर गाणे सुधारले तरी कशामुळे सुधारले ते कळत नाही आणि महिन्याने पुन्हा बिघडले की सगळे पहिल्यापासून करावे लागते.

झोपलेली डिस्क

हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात. घरगुती डिस्कच्या चकत्या बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. काही वेळ कुणी काही मागितले नाही, तर वीज वाचवण्यासाठी डबा चकत्या थांबवतो. पुन्हा मागणी आली की चकत्यांनी पूर्ण वेग घ्यायला पाच ते दहा सेकंद लागतात. डब्यात दोन डिस्क असतील आणि त्या एकामागोमाग एक जाग्या होत असतील, तर आणखी थोडे. पहाटेच्या काकड्याआधीचे चक्र हेच.

हा बिघाड नाही, सवय आहे. डब्याच्या सेटिंगमध्ये झोपेची वेळ वाढवता येते. दहा-वीस मिनिटांऐवजी दोन-तीन तास ठेवली, तर दिवसभरात एखाद्या वेळीच वाट पाहावी लागते. झोप पूर्ण बंद केली, तर नुसती फिरती राहणारी एक डिस्क चारेक वॉट वीज घेईल. महिन्याला साधारण तीन युनिट. सारखे झोपणे-उठणे डिस्कच्या यंत्रणेलाही मानवत नाही, हेही लक्षात घ्यावे.

हजार चिठ्ठ्यांचे कपाट

सलग वाचनात हार्ड डिस्क वेगवान असते, पण विखुरलेल्या लहान-लहान गोष्टी शोधताना तिची दमछाक होते. प्रत्येक शोधात वाचणारा काटा योग्य पट्ट्यावर न्यावा लागतो आणि हवा तो भाग फिरून काट्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. दोन्ही मिळून साधारण १५ मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला साठ-पासष्ट शोध. समजा, संग्रहात २०,००० गाणी आहेत आणि प्रत्येकाचे नाव, गायक आणि चित्र वाचायला तीन शोध लागतात. एकूण झाले ६०,००० शोध. सेकंदाला ६५ या गतीने त्याला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. त्या काळात कुणी गाणे लावले, तर त्याला रांगेत थांबावे लागते.

अनेक अ‍ॅप उघडल्याबरोबर सगळा संग्रह पुन्हा चाळतात. डब्यातला संगणकही फोटोंच्या छोट्या प्रती आणि गाण्यांच्या याद्या तयार करत बसतो. नवीन फाइली भरल्यानंतर एक-दोन दिवस गाणी अडत असतील, तर काही न करता वाट पाहणे हाच उपाय. एरवी हे चाळण्याचे काम रात्री दोन-तीन वाजता व्हावे असे वेळापत्रक लावता येते. एकाच फोल्डरमध्ये हजारो गाणी ओतण्यापेक्षा कॅसेटनिहाय किंवा गायकनिहाय फोल्डर केले, तर यादी लवकर उघडते.

आणखी एक चोर म्हणजे गाण्याला चिकटवलेले चित्र. एमपी३ फाइलमध्ये मुखपृष्ठाचे चित्र बहुधा आवाजाच्या आधी, फाइलच्या सुरुवातीलाच ठेवलेले असते. कुणी हौसेने मोबाइलवरचा पाच मेगाबाइटचा फोटो चिकटवला, तर अ‍ॅपला पहिला सूर मिळण्याआधी तो फोटो ओढावा लागतो. पाच मेगाबाइट म्हणजे ४० मेगाबिट. लांबच्या खोलीत वायफायचा वेग दोन एमबीपीएसवर आला असेल, तर नुसत्या फोटोलाच २० सेकंद. चित्र शंभर-दोनशे किलोबाइटचे केले की मोबाइलच्या पडद्यावर ते तितकेच छान दिसते आणि गाणे लगेच लागते.

डब्यावर दुसरे ओझे आहे का, तेही पाहावे. हल्ली गेटवरच्या आणि गोठ्यातल्या कॅमेऱ्यांचे चित्रणही याच डब्यावर साठवतात. ते लिखाण चोवीस तास चालते आणि काटा सतत दोन कामांमध्ये पळत राहतो. कॅमेऱ्यासाठी वेगळी डिस्क किंवा वेगळे कार्ड ठेवणे चांगले. काही डबे गाणे पाठवण्याआधी त्याचा प्रकार बदलतात, फ्लॅकचे एमपी३ करतात. घरातल्या घरात त्याची गरज नसते. हा पर्याय बंद केला की डब्यातल्या लहानशा संगणकावरचा भार उतरतो.

पत्रे, भिंती आणि वायफाय

गाणे मधेच तुटण्याचा सर्वांत मोठा आरोपी वायफाय. घरगुती वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४च्या लहरी भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोहोचतात, पण त्या पट्ट्यात गर्दी फार. एकमेकांत न मिसळणारे तीनच मार्ग तिथे मिळतात: १, ६ आणि ११. शेजारपाजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह हे सगळे त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झ मोकळा आणि वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर दमतो.

मराठवाड्यातल्या घरांची स्वतःची अडचण आहे. जुन्या दगडी आणि मातीच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या असतात आणि त्या लहरी शोषून घेतात. पत्रा तर धातूच. तो लहरी परतवून लावतो. बैठकीतल्या राउटरपासून मागच्या पडवीपर्यंत दोन जाड भिंती आणि मध्ये पत्र्याचा आडोसा असेल, तर पडवीत मोबाइलवर वायफायची एक-दोन काडी दिसते, संदेश जातात, पण गाण्याला लागणारा सलग प्रवाह टिकत नाही. वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. ऐकू न आलेले वाक्य पुन्हा सांगावे लागते. कोपऱ्यातला एखादा दुबळा मोबाइल हळूहळू बोलत राहिला, तर सगळ्या घराचा वेळ तोच खातो.

पहिला उपाय बिनपैशाचा: राउटर कपाटातून, टीव्हीमागून किंवा लोखंडी रॅकवरून काढून घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर ठेवावा. दुसरा, राउटरच्या खोलीत ऐकताना ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा. तिसरा आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वायर. डबा राउटरला वायरनेच जोडलेला असावा. डबाही वायफायवर आणि मोबाइलही वायफायवर असेल, तर प्रत्येक गाणे हवेतून दोनदा जाते. पडवीत रोजच ऐकायचे असेल, तर तिथपर्यंत नेटवर्कची वायर नेऊन दुसरा लहान राउटर बसवावा. अशी वायर १०० मीटरपर्यंत चालते. नुसता रिपीटर लावून अनेकदा निराशा होते, कारण साधा रिपीटर ऐकणे आणि पुढे सांगणे एकाच पट्ट्यावर करतो आणि वेग निम्म्यावर येतो. वायर उघड्यावरून मात्र नेऊ नये. वळवाच्या विजा इथे नवीन नाहीत आणि त्यांचा झटका वायरीतून थेट डब्यात जातो.

एक गंमतीदार कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. यूएसबी ३.० पद्धतीच्या डिस्क आणि वायरी चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओगोंगाट निर्माण करतात. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये याची मोजमापे प्रसिद्ध केली होती. अनेक घरांत वेगळा डबा नसतो, राउटरच्याच मागे यूएसबी डिस्क खोचलेली असते. म्हणजे ज्या डिस्कवरून गाणे यायचे, तीच राउटरच्या कानाशी गोंगाट करते! चांगल्या आवरणाची थोडी लांब वायर वापरून डिस्क राउटरच्या अँटेनापासून दूर ठेवली, तर पुष्कळदा फरक पडतो.

ब्लूटूथचीही अशीच तऱ्हा. मोबाइल २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरून गाणे घेतो आणि त्याच पट्ट्यात ब्लूटूथने स्पीकरला देतो. दोन्ही कामांना एकच वाट असल्याने आवाज तुटतो. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर घेतला किंवा स्पीकर वायरने जोडला की हा प्रश्न तिथेच मिटतो.

आधी प्रत, मग दुरुस्ती

राहिला चौथा प्रश्न, ठरावीक जागी अडणारे गाणे. डिस्कवरचा एखादा ठिपका खराब झाला, की काटा तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतो. त्यात काही सेकंद जातात आणि गाणे त्याच शब्दावर अडते. अशा वेळी संथ गाणे हा त्रास नसून इशारा असतो. सोबत टकटक असा नियमित आवाज येत असेल, तर डबा लगेच बंद करावा आणि माहिती परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे न्यावा. यूएसबी डिस्क राउटरकडून पुरेशी वीज न मिळाल्यानेही अशी टकटकते, पण ते ठरवण्यासाठी ती घरी पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये.

बहुतेक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवतात. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात आणि डब्याच्या सेटिंगमध्ये ती वाचता येते. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असते, असे त्यात आढळले. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक सावध करणारी आहे: बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या नोंदीत आधी दोषाची एकही खूण नव्हती. म्हणजे तब्येतीचा दाखला स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

फॉरमॅट करण्याचा सल्ला इथे घातक ठरतो. फॉरमॅट केल्याने डिस्कचा खराब ठिपका बरा होत नाही, संग्रहाची यादी मात्र पुसली जाते. क्रम उलटा हवा. आधी सगळ्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी, ज्या फाइली नीट वाजतात त्या सर्वांत आधी. अडणारी फाइल शेवटी घ्यावी. मगच दुरुस्तीला हात घालावा.

डब्यात दोन डिस्क आहेत आणि दोन्हींवर तेच साठते, म्हणून प्रत आहे, हा समजही चुकीचा. एक डिस्क मेली तर दुसरी वाचवते, हे खरे. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच पुसली जाते, आणि वीज कडाडली तर दोन्ही एकदम जातात. जपणूक करणाऱ्यांचा साधा नियम असा: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. खर्च वाटतो तेवढा नाही. एका तासाची कॅसेट सीडीच्या दर्जात ६३५ मेगाबाइट जागा घेते. शंभर कॅसेट म्हणजे सुमारे ६४ गिगाबाइट. फ्लॅकमध्ये याहून कमी. गुरुजींचा अख्खा संग्रह १२८ गिगाबाइटच्या साधनात मावतो. एक प्रत पुण्यात मुलाच्या घरी राहिली तर काम झाले.

सतत वीज जाणाऱ्या गावात डब्याला छोटा यूपीएस हवाच. लिहिता लिहिता वीज गेली, तर अर्धवट लिहिलेली फाइल आणि कधीकधी सगळी यादीच बिघडते. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ अंशांपलीकडे जातो. घरगुती डिस्कची कमाल मर्यादा साधारण ६० अंश असते. पत्र्याखालच्या बंद कपाटात, स्वतःच्या उष्णतेने तापलेल्या डब्याला ती फार दूर नाही. डबा हवेशीर, सावलीच्या खोलीत ठेवावा.

हे सगळे कशासाठी?

चार गाणी अडली तर बिघडते कुठे, असे कुणी म्हणेल. बाजारातली गाणी पुन्हा मिळतात. घरातला आवाज मिळत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या. संगणक आणि संगीत या दोन्हींचे जाणकार बर्नार्ड बेल यांनी १९९०च्या दशकात त्यांतल्या अनेकींचे ध्वनिमुद्रण केले. मराठवाड्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. पॉइटवँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये गेल्या-गेले, पण २०१७ पासून ‘परी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने हा ठेवा गाणारीचे नाव आणि गाव यांसह जगापुढे ठेवायला सुरुवात केली. गिरण्या आल्या, जाती थांबली, पण ओव्या ऐकता येतात, कारण त्या वेळीच मुद्रित झाल्या आणि नीट नोंदवल्या गेल्या.

घरच्या संग्रहालाही तीच शिस्त लागू आहे. ‘ट्रॅक ०१’ असे नाव असलेली फाइल दहा वर्षांनी कुणाचीच नसते. गाणारीचे नाव, गाव आणि साल फाइलच्या नावातच लिहिले, तर शोधणे सोपे होते आणि ती फाइल कुणी अडगळ समजून पुसतही नाही.

गुरुजींच्या घरातला उलगडा मग असा होईल. पहाटेचे चक्र झोपलेल्या डिस्कचे. झोपेची वेळ तीन तास केली की संपले. पडवीतला खंड पत्र्याचा आणि ब्लूटूथचा. घराच्या आतून एक वायर मागे नेली की संपला. आणि एकाच शब्दावर अडणारी ओवी हा डिस्कचा इशारा. रविवारी मुलगा गावी येईल तेव्हा त्याने आधी सगळ्या संग्रहाची प्रत काढावी, दोन-तीन प्रयत्नांत ती ओवीही उतरते का पाहावे, आणि मग नवी डिस्क बसवावी. फॉरमॅट मारण्याची घाई कुणी केली नाही, तर यातले बहुतेक काम एका दुपारचे आहे. प्रत हाती येईपर्यंत ती ओवी पुन्हा पुन्हा वाजवून पाहण्याचा मोह मात्र टाळावा.